सत्तावीस नंबरचा गळा

९ जानेवारी

सकाळी सहाला टेरेसाचा फोन. तिकडे, महासागरातल्या बेटावर, दुपारचे साडेबारा. यंदाची फेरी सुरू झाली म्हणाली. बोटीतून उतरवताना मशीन एकाच्या हातून सुटता सुटता वाचलं. सांगताना हसत होती. ही बाई कशालाही हसते. बेटावर सोनोग्राफीचा प्रोब ती फिरवते आणि इथे विद्यानगरात बसून चित्रं मी वाचते, असं आमचं आठ वर्षं चाललंय. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही.

आज पाच गळे. चार ठीक. पाचव्यातली गाठ गेल्या वर्षीएवढीच, म्हणजे तोही ठीक.

नाश्त्याला विवेकची नेहमीची शंका. नवरा पुण्याचा, त्यामुळे शंका रोज एक. सत्तर वर्षं झाली त्या अणुबॉम्बच्या चाचणीला, अजून तुम्ही त्या लोकांचं काय बघता? म्हटलं, राख एकदाच पडली, पण थायरॉइडला गाठी चाळीस वर्षांनीही येतात आणि साठ वर्षांनीही. म्हणून दर वर्षी बघायचं. "आणि त्यांना कंटाळा नाही येत?" असं विचारून तो ऑफिसला गेला. उत्तर ऐकायला थांबायची पद्धत नाही.

११ जाने.

सत्तावीस नंबर आली नाही.

मला नावं कळत नाहीत, फक्त नंबर. व्हिडिओवरसुद्धा हनुवटीपासून गळपट्टीच्या हाडापर्यंतच दिसतं, नियमच तसा आहे. पण सत्तावीस नंबरचा गळा मी हजारांत ओळखीन. आडवा जुना व्रण, त्याच्या जरा खाली दुसरा, उजवीकडे तीळ. रस्त्यात समोर आली तर मात्र शेजारून निघून जाईन.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या बाजूला एक छोटी गोल गाठ दिसली होती, आत पांढरे ठिपके. मला अजिबात आवडली नव्हती. सुई घालून तपासा, असं लिहिलं. बेटावर ती सोय नाही, त्यासाठी मोठ्या बेटावरच्या इस्पितळात जावं लागतं, आठवड्याला एक विमान. ती गेलीच नाही. आणि आता साधी तपासणीसुद्धा नको म्हणतेय.

टेरेसाला म्हटलं, घरी जाऊन बघ. म्हणाली, रविवारी चर्चमध्ये गाठते, तिथून पळता येत नाही.

१४ जाने.

संक्रांत. गच्चीवर सगळी गल्ली. पतंगांपेक्षा स्पीकर जास्त. आईने तिळाच्या वड्या केल्या, दोन घाण्यांतली एक फसली, ती घरच्यांच्या वाट्याला.

संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणीकडे हळदीकुंकू. जामबागच्या मराठी शाळेतल्या आम्ही सहाजणी अजून टिकून आहोत. बाकीच्या एकमेकींचे हार बघतात, मी हाराच्या वरचं बघते. सुनीताचा गळा मला जरा भरल्यासारखा वाटला. म्हटलं, उद्या क्लिनिकला ये. "सणासुदीला तरी सोड गं," म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण उद्या ये.

(आली. काही नाही. वजन वाढलंय. हे सांगितल्यावर जास्त रागावली.)

१६ जाने.

टेरेसा बोलली सत्तावीस नंबरशी. आज सगळं सांगितलं. लिहून ठेवते, नाहीतर मी माझ्या सोयीने आठवेन.

राख पडली तेव्हा म्हातारी पाच वर्षांची. मुलांना काय कळणार, दिवसभर त्यात खेळली, एकमेकांच्या अंगाला पावडरसारखी चोळली. पंधराव्या वर्षी अर्धं थायरॉइड काढलं, तिशीत कॅन्सर निघाला म्हणून उरलेलं. तेव्हापासून रोज गोळी. आणि तेव्हापासून दर वर्षी कोणी ना कोणी येतं. आधी जहाजातून डॉक्टर यायचे, आता टेरेसा येते आणि पलीकडे मी.

तिचं म्हणणं: "सगळ्यांनी मला बघितलं. मी कोणालाच बघितलं नाही."

त्यांच्याकडे रीत अशी, की तुम्ही कोणाच्या घरात शिरलात, त्याचं आतलं-बाहेरचं बघितलंत, की मग त्यालाही आपल्या घरी बोलवायचं. बोलावलं नाहीत तर तुम्ही पाहुणे नाही, चोर. सत्तर वर्षं डॉक्टर येतात, बघतात आणि जातात. ती म्हणाली, आता पुरे. तुझ्या त्या डॉक्टरणीने तिचा गळा मला मशीनवर दाखवला तर मी माझा दाखवीन. नाहीतर नाही.

मी टेरेसाला म्हटलं, माझ्या गळ्यात काय बघायचंय तिला? टेरेसा म्हणाली, तेच ती तुझ्याबद्दल विचारते.

वैताग आला. खरंच आला. इथे मी त्या गाठीसाठी झोप खराब करून घेतेय आणि ही बाई अटी घालतेय. दिवसभर सगळ्यांवर चिडचिड केली. शबानावर पण. शबाना माझी क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट, नाडी, हिशेब, भांडणं सगळं तीच बघते. "सुबू से काइकू गुस्सा कर रहे मॅडम," म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

१७ जाने.

जेवताना घरात सांगितलं. विवेक हसला, म्हणाला बाई मुद्द्याचं बोलते. आई हसली नाही. शेजारच्या लक्ष्मीअम्मांकडून पुलिहोराचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा आला की आई तो कधी रिकामा परत देत नाही, काही नसेल तर मूठभर साखर घालते. तिने एवढंच विचारलं, की आठ वर्षांत तू त्या बाईला काय घालून दिलंस?

रिपोर्ट दिले, म्हटलं.

रिपोर्ट तिला मिळतात?

नाही. तपासणी योजनेच्या मुख्य ऑफिसला जातात. तिला टेरेसा तोंडी सांगते, ठीक आहे किंवा नाही.

"मग हौ, बरोबरच आहे तिचं," असं म्हणून आईने भात वाढून घेतला. त्या दोघी एकाच वयाच्या. एकमेकींची बाजू घेणारच.

१८ जाने.

मुख्य ऑफिसला मेल टाकली. वाचणाऱ्या डॉक्टरने पेशंटशी थेट संबंध ठेवायचा नाही, हा नियम मला पाठ आहे; अपवाद करा म्हटलं. कारण लिहिलं: ही फेरी चुकली की तिची फाइल 'संपर्क तुटला' म्हणून बंद होईल. मग विमान नाही, इस्पितळ नाही, काही नाही. वाढत जाईल ती गाठ आणि कोणाला कळणारही नाही. शेवटचं वाक्य मेलमध्ये नव्हतं. इथे लिहिते.

मशीन सत्तावीस तारखेला बोटीने पुढच्या बेटावर जाणार.

२० जाने.

उत्तर नाही.

आज बारा चित्रं वाचली. मन लागेना. एका ठिकाणी डावं-उजवं उलट लिहिलं, पाठवायच्या आधी सापडलं. चहा प्यायले, सगळी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

२१ जाने.

परवानगी! तीन अटी. नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, तिच्या आजाराबद्दल बोलायचं नाही. म्हणजे मी फक्त गळा. मला नंबर काय देणार, ते विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, परवानगी देणारा सज्जन आहे.

आता सोय. सोनोग्राफीचं मशीन आपल्याकडे नोंदवलेल्या जागेतून हलवता येत नाही, तेव्हा घरून जमणार नाही. क्लिनिकमध्येच. शुक्रवारी सकाळी सातला, पेशंट यायच्या आत. मशीनच्या पडद्यासमोर लॅपटॉप, माझ्या गळ्यासमोर शबानाचा फोन. शबानाला सगळं समजावलं. तिला एकच प्रश्न: "आपके गले में कुछ निकला तो उनो वहाँ से बोलेंगे क्या?"

हा प्रश्न तोवर माझ्या डोक्यात आला नव्हता.

२२ जाने.

मी माझं थायरॉइड कधी बघितलेलं नाही. वय बावन्न. पंचवीस वर्षं हेच काम. मशीन हाताशी, जेल हाताशी, कोठीच्या बाजारातून खोक्याने येतं. कधी लावलं नाही स्वतःला. आईला आहे थायरॉइडचा त्रास, मावशीला होता. म्हणजे बघायला हवं होतं हे मी दुसऱ्या कोणालाही बजावून सांगितलं असतं.

विवेक म्हणाला, उद्या एकटीच जाऊन आधी बघून घे. काही असेल तर निदान तिच्यासमोर कळायला नको. शहाणपणाचा सल्ला. रात्री अंथरुणात हात आपोआप गळ्याकडे. गिळून बघितलं. काही लागलं नाही. बोटांनी काही कळत नाही, हे रोज मीच सांगते लोकांना.

२३ जाने.

दुपारी पेशंट संपले, खोली रिकामी, मशीन चालू. शबाना जेवायला गेलेली. प्रोब हातात घेतला.

ठेवला. म्हातारी कधी आधी बघून आली होती?

विवेकला सांगितलं तर म्हणाला, हा हट्ट आहे. आहे. भीती वाटतेय तुला, म्हणाला. तीही आहे.

२४ जाने.

पावणेसातला क्लिनिक उघडलं. शबाना आधीच दाराशी, नवा दुपट्टा घालून. चेहरा दिसणार नाही सांगितलं होतं तरी.

सातला टेरेसा. कॅमेऱ्यात आधी बाकाची कड, मग फुलाफुलांच्या झग्यातला गुडघा, मग दोन हात. सत्तावीस नंबर बसून होती. हात पहिल्यांदाच बघितले. जाड, शिरा वर आलेल्या, बोटं सारखी हलतायत. गेली आठ वर्षं ती नुसता गळा होती. हात बघून कसंसंच झालं, जरा लाज वाटली.

आडवी झाले. मंगळसूत्र काढून शबानाच्या हातात. जेल थंड. लोकांना "थोडं गार लागेल हां" म्हणते, ते थोडं नसतं. आणि मान मागे टाकून पडलं की गळा फार उघडा वाटतो. हे मला आज कळलं.

आधी उजवीकडे. मी पडद्याकडे बघायच्या ऐवजी छताकडे बघत होते. शबाना हळूच म्हणाली, "मॅडम, देखो तो." बघितलं. राखाडी, एकसारखं, नितळ. डावीकडे तसंच. मधला जोडणारा पट्टा, मागे श्वासनलिकेची काळी कमान. दोन्हीकडे रक्तवाहिन्या धडधडतायत, नेहमीपेक्षा जोरात. कुठे गाठ नाही, ठिपका नाही. सुटले असं वाटलं, आणि लगेच वाटलं, हे तिला कसं दाखवू.

मी इंग्रजीत सांगत गेले, हे उजवं, हे डावं, हा मधला पूल. टेरेसा त्यांच्या भाषेत सांगत गेली. मग म्हातारीने काहीतरी विचारलं. काय ते टेरेसाला विचारावं लागलं.

"ती विचारते, एवढंसंच असतं?"

हो म्हटलं. एवढंसंच.

मग पुन्हा काहीतरी लांबलचक. टेरेसा सांगताना आज पहिल्यांदा हसली नाही. म्हातारी म्हणत होती, की आजवर इतक्या वेळा तिला पडद्यावर तिचा गळा दाखवला, पण तिथे नेहमी रिकामी जागाच असायची. पूर्ण थायरॉइड कसं दिसतं, ते तिने आज बघितलं. तिचंही असंच असेल का, पाच वर्षांची होती तेव्हा?

असंच, म्हटलं. याहून लहान.

ती म्हणाली, काढू नका, जरा वेळ राहू द्या.

राहू दिलं. हात अवघडला, शबानाने कोपराखाली उशी सरकवली. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. चेहरा दाखवायचा नाही ही अट बरी पडली. किती वेळ गेला कोण जाणे. मग टेरेसा म्हणाली, पुरे म्हणते. आता ती झोपते.

तिने शब्द पाळला. झगा खाली ओढला, मान मागे. तोच व्रण, तोच तीळ. मी जेल पुसलं नव्हतं, तशीच उठून बसले आणि बघायला लागले.

डावीकडे गाठ आहे. वाढलीय. खाली आणखी एक.

टेरेसाला मापं घ्यायला सांगितली, आवाज सरळ ठेवला. म्हातारीने पडल्या पडल्या एकच वाक्य विचारलं. भाषा कळली नाही, तरी प्रश्न कळला. टेरेसा कॅमेऱ्यात बघत होती, आता काय करू असं.

तिसरी अट आठवत होती. टेरेसाला म्हटलं, सांग तिला: मला वाटतं, परत आलंय. सुई घातल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. लवकर जायला हवं, आणि उपचार आहेत.

म्हातारीने मान हलवली. उठून बसली, झगा नीट केला. मग शबानाच्या हातात मंगळसूत्र दिसत होतं त्याबद्दल विचारलं, ते काय आहे. सांगितलं. सुंदर आहे म्हणाली.

२५ जाने.

मुख्य ऑफिसला मीच कळवलं, तिसरी अट मोडली म्हणून. लपवायचं काय त्यात. उत्तर आलं, 'नोंद घेतली.' पुढच्या वर्षी मला ठेवतील की नाही, बघू. ठेवावं असं फार वाटतंय.

आईला सगळं सांगितलं. तिने गाठीचं ऐकून घेतलं, मग विचारलं, एकटी राहते का गं ती? माहीत नव्हतं. आठ वर्षांत विचारलंच नाही.

२७ जाने.

मशीन बोटीवर चढलं. टेरेसाही त्याच बोटीने पुढे जायची होती, पण थांबलीय. पुढच्या बेटावरची मदतनीस मुलगी चार दिवस काम सांभाळून घेईल म्हणाली. मला माहितेय का थांबली.

म्हातारीने माझ्या गळ्याचं चित्र मागितलं. मी पाठवलं, टेरेसाने मशीन जायच्या आधी त्याच्या प्रिंटरवर छापून दिलं. तो कागद उन्हात काळा पडतो, हे सांगितलंस का विचारलं. सांगितलंय. बायबलमध्ये ठेवलंय तिने.

एकटी राहत नाही. धाकटी बहीण आहे, अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं हीच करते.

२९ जाने.

विमान शनिवारी. ती जाईन म्हणत नाही, जाणार नाही असंही म्हणत नाही.

टेरेसाने खोदून विचारलं. पंधराव्या वर्षी तिला ऑपरेशनला नेलं ते एकटीलाच, दूर थंड देशात, कित्येक महिने. परत आली तोवर आई वारलेली. तिला कोणी कळवलंही नव्हतं. आता पुन्हा विमानात बसायचं आणि मागे बहीण. तेव्हा गळ्यापेक्षा तिला परतीची काळजी आहे. माझ्याकडे याला औषध नाही.

टेरेसाने बहिणीकडे राहायला दोन शेजारणी तयार केल्यात. मी मुख्य ऑफिसला लिहिलं, इस्पितळात तिच्याजवळ रोज फोन हवा, आणि बहिणीला रोज तो लागायला हवा. विवेकने मेल वाचून दोन वाक्यं कडक केली. या माणसाचा कधीकधी उपयोग होतो. संध्याकाळी 'मंजूर' असं उत्तर आलं. लगेच टेरेसाला फोन. म्हातारी ऐकून घेऊन म्हणाली, बघू.

३१ जाने.

उद्या विमान. क्लिनिकमध्ये गर्दी. शबाना दर तासाने: "क्या बोले मॅडम, उनो जारे क्या?" माहीत नाही म्हटलं. शेवटी तिने तिच्या अम्मीला नमाजात दुआ करायला सांगितलं. आईने परस्पर मारुतीला नारळ कबूल केलाय. म्हातारी चर्चवाली. सगळीकडून बंदोबस्त झालाय.

मला रागही येतोय. जा ना बाई. मी दाखवला ना गळा.

असं म्हणायचा मला काही हक्क नाही, हेही कळतंय.

१ फेब्रुवारी

सकाळी सहापासून फोन हातात. सातला टेरेसाचा मेसेज: विमान उतरलं. वारा आहे, जास्त थांबणार नाही. मी म्हातारीकडे निघालेय.

मग अर्धा तास काही नाही. आईने पोहे पुढे ठेवले, ते गार झाले.

मग फोन. वाऱ्याचा आवाज, मधेमधे तुटत होतं. टेरेसा म्हणाली, ती अंगणात बसलीय, पिशवी भरलेली आहे, बहिणीला भरवतेय, भरवून झाल्यावर बघते म्हणते. आणि तुझ्यासाठी निरोप आहे. म्हटलं, सांग.

"ती म्हणते, पुढच्या जानेवारीत तुझा गळा परत दाखव. एकदा बघून काही कळत नाही, दर वर्षी बघावं लागतं. या वर्षीचं चित्र माझ्याकडे आहे. काही बदललं असेल तर मी सांगेन."

मी हो म्हटलं. कधी, कुठे, काही विचारलं नाही, नुसतं हो, दोनदा. तेवढ्यात मागे विमानाचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, टेरेसा त्यांच्या भाषेत कोणाला तरी ओरडून काही सांगत होती, आणि फोन कटला.

आता साडेनऊ. फोन अजून लागत नाहीये.